आठातले पाच निऑन

चिमणे, आधी हे वाच, मग टाकीकडे जा.

तुला खूश करायला मी काल तो पंजाएवढा एंजल फिश आणून सोडला. दुकानदाराने विचारलं होतं, "टाकीत आधी कोण आहे?" मी म्हटलं, नुसती झाडं. लग्न होऊन या घरात मला दोन महिने झाले, पण तुझे ते इवलेसे निऑन मासे कधी दिसलेच नाहीत गं. मी खोलीत आले की ते झाडांत लपतात.

आठातले पाच त्याने गिळले. ते तुझ्या आईने आणलेले होते, हे बाबांनी आत्ता फोनवर सांगितलं. उरलेल्या तिघांना सोबत शोधायला तिसऱ्या दुकानात चाललेय.

एंजल बादलीत आहे. हात जोडते, त्याला मारू नकोस. घरात आधी कोण होतं, हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.