डाव्या खांद्यावरची ताई

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातूनच केलाय, मान खाली जात नाही.) गुडघे काय म्हणतात तुझे? चार दिवस तुझा फोन आला की बायको उचलते आणि "ते बरे आहेत" एवढंच सांगून ठेवून देते, म्हणून तू धुसफुसत असशील. आधी सगळं वाच, मग काय ते रागाव.

महिन्यापूर्वी माझा जबडा वाजायला लागला. घास चावला की कट्. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप सांगायला तोंड उघडलं की कट्. (त्या बाईंना वाटलं, मी मापाला हसलो. कापड उचलून चालत्या झाल्या.) दातांच्या डॉक्टरांनी दात ठणठणीत ठरवले आणि मान वाकडी का धरता म्हणून विचारलं. जबडा दाखवायला यावं तर हे मानेवर घसरतात, म्हणजे यांना कशातलं काही कळत नाही, असं म्हणून मी घरी आलो. पण बायको माझ्या सगळ्या दुखण्यांची मुकादम. तिनं धरून मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी मानेचा एक स्नायू असा दाबला की कळ थेट जबड्यात. म्हणाल्या, मान आणि जबडा सख्खे शेजारी, एकाचं दुखणं दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला जातं. आता कामाला बसता तसं बसून दाखवा. मी स्टुलावर बसलो, हात मशीनवर धरल्यासारखे धरले आणि काय सांगू, डावा खांदा आपला आपणच कानाला जाऊन चिकटला.

"तिथे कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"ताई," मी म्हणालो.

भावजी गेल्यापासून सहा वर्षं रोज चार वाजता तू तिथेच असतेस. खांदा आणि जबडा यांच्यामध्ये फोन, दातांत टाचण्या, हात शिवणात. आता सहा आठवडे खांद्यावर फोन बंद आणि बोलणंही कामापुरतंच. हा निकाल बायकोनं फार आनंदानं ऐकला. (दोनच दिवसांत विचारायला लागली, घर असं सुनं का वाटतंय.) मला तर चार वाजले की काही सुचत नाही. काल एका पँटीला दोन्ही डावेच पाय जोडले.

तुझा,
धाकटा

ता. क. ऐकायला बंदी नाही, बाईंना विचारून घेतलंय. पत्र मिळेल त्या दिवशी चारला फोन कर. तो टेबलावर ठेवून आवाज मोठा करीन. तू बोल. हो असेल तर मी कात्री एकदा वाजवीन, नाही असेल तर दोनदा. दुकान तेवढा वेळ बंद ठेवतोय, तेव्हा शेजारणीबद्दल खुशाल बोल.

आणखी एक. हे चार दिवस नीट जेवलीस का, ते आधी सांग. नाही म्हणालीस तर कात्री थांबायची नाही.