घरची ओळ

आबा,

तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे, ते आधीच सांगते. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. म्हणू देत. परवा चारचौघांत मी तुमचं नाव खराब केलं. ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

माझी नोकरी तुम्ही पाहिलीच नाहीत. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना सांगायचं की औषध मारल्यावर बाटलीवर लिहिलेत तेवढे दिवस थांबा, मगच भाजी तोडा. फवारताना तोंडाला फडकं बांधा, रिकामी बाटली विहिरीवर टाकू नका. खोपोलीपासून कळंबपर्यंत असं गाव नाही जिथे मी घसा कोरडा केला नाही. लोक ऐकतात, चहा देतात, माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी खुशाल भाजी तोडतात. भेंडी काही बाटली वाचत नाही, एक दिवसाआड तोडली नाही की ती जून होते, हे मलाही कळतं. मग मी तुमची गोष्ट सांगते. ती सांगितली की बायका गप्प होतात.

मी सहावीत होते. आपल्या भेंडीत विहिरीकडची एक ओळ घरची, तिला औषध कधी लागलं नाही. वाकडीतिकडी, किडकी भेंडी, पण आपल्या ताटात तीच. बाकीचं सगळं बाजाराचं. शाळेतल्या बाईंना भेंडी द्यायची म्हणून मी मेहनतीने बाजाराच्या ओळीतली सरळ, कोवळी, चकचकीत अशी निवडली आणि पिशवीभर नेऊन दिली. घरी येऊन ऐटीत सांगितलं, तर तुमचा हात उठला. "कुठली दिलीस? अगं, सकालीच मारलंय तिच्यावर!" तुम्ही तसेच अनवाणी निघालात. मी रडत मागून पळतेय आणि तुम्ही वळूनसुद्धा बघत नाहीत. बाईंची भेंडी चिरून झाली होती, तवा तापला होता. तुम्ही ताटातली भेंडी आपल्या टॉवेलात ओतून घेतलीत आणि हात जोडलेत. "पोरगी चुकली, बाई." सभेतली माझी गोष्ट इथे संपते, आणि बापाबद्दल सगळ्यांना आदर वाटतो.

परवा सभा आपल्याच गावात होती, बुद्धविहारात. मी पोचले तर समोर टेंपो उभा आणि त्यात भेंडीचे कॅरेट चढताहेत. माल आपल्या बांधाशेजारच्या काकींचा. जवळ गेले तर औषधाचा वास नाकात शिरला. कधी मारलंय विचारलं, तर म्हणाल्या, "काल दुपारी. अळी लागली व्हती, काय करू?" माल कुठे निघालाय विचारलं, तर मुलांच्या वसतिगृहात, दुपारच्या जेवणाला.

"काकी, हा पाठवू नका."

"धुवून खातील की गं."

"धुतल्याने सगळं जात नाही, किती वेळा सांगितलं!"

"आनि थांबले तर ही जून व्हईल. त्ये लोक उद्यापास्नं दुसऱ्याकडनं घेतील. तू आनून देनार हायस का मला गिऱ्हाईक?"

टेंपोवाला हॉर्न मारतोय, विहाराच्या ओट्यावर सभेला आलेल्या वीसेक बायका बघताहेत. माझ्याकडे माल अडवायचा अधिकार नाही, आहे ते फक्त तोंड. म्हणून मी नेहमीप्रमाणे तुमची गोष्ट काढली, तर काकींनी ती मधेच कापली. "ती ष्टोरी मला नको सांगू. बाईंची भेंडी तुझ्या बापानं परत आनली, खरं हाय. पन टेंपो कवा थांबवला त्यानं?"

आबा, मी 'थांबवला' म्हणू शकले असते. काकी एकट्याच जुन्या, बाकीच्यांनी माझ्यावरच विश्वास ठेवला असता. पण टेंपो सुरू झाला, आणि मी ओरडलेच. "नाही थांबवला! दुसऱ्याच दिवशी त्याच ओळींतली भेंडी खोपोलीला नेऊन विकली. माहीत होतं त्यांना. माहीत नसतं तर बाईंकडे अनवाणी पळाले असते का? आपलं माणूस खाणार तर पळायचं आणि परक्याने खाल्लं तर तराजू धरायचा, असे होते माझे वडील. तुम्ही सांगा काकी, तुमच्या घरी आज कुठली भेंडी शिजली?"

काकींच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कसलं कोण जाणे. "मेलेल्या मानसाबद्दल असं बोलतात व्हय गं?" म्हणाल्या. मग टेंपोवाल्याला, "उतरव रं खाली." वसतिगृहात फोन करून आज भोपळा घ्या म्हणून सांगितलं आणि सगळी भेंडी खड्ड्यात पुरायला लावली. माझ्याशी मात्र एक शब्द बोलल्या नाहीत, सभेलाही बसल्या नाहीत. बाकीच्या बायका बसल्या, पण चहा कुणी विचारला नाही.

पोरांच्या पोटात ते गेलं नाही, याचा आनंद आहे. पण तेव्हापासून घास गोड लागत नाही. तुम्ही मला मारलंत ते माझ्यावरच्या रागाने नव्हतं, भेदरला होतात तुम्ही, हे मला आत्ता कळतंय. आणि कळूनही राग जात नाही. एवढे भेदरलात, तर दुसऱ्या दिवशी टेंपोत चढलात कसे?

हे कागद मी फाडणार आहे. काकींच्या हाती लागायला नकोत, कारण त्या दिवसाचं सगळं मी विहारात सांगितलेलं नाही. खोपोलीला तुमच्याबरोबर मीही होते. कडेवर पोर घेतलेली एक बाई आली, भेंडीचं टोक मोडून बघितलं आणि तुम्हाला नाही, मला विचारलं, "औषध मारलेली नाय ना गं?" तुम्ही तराजूकडेच बघत राहिलात. माझा गाल अजून दुखत होता, मला सगळं माहीत होतं.

"नाय," म्हटलं मी. "घरची हाय."