खाली कापड असलेलं अक्षर

बाई, तुम्ही आता कार्टून झाला आहात. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर आधी मला "कार्टून" या शब्दावरूनच झापलं असतंत, आणि मग चष्मा खाली ओढून विचारलं असतंत, "पातळाचा रंग कोणता दिलाय?" रंग निळाच दिला होता. होता म्हणते, कारण आता तो पातळाचा राहिलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही नेमक्या कोणाच्या, हा प्रश्न गेले काही महिने माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तुमची जपानीची शिकवणी विश्रांतवाडीच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात चालायची, कारण बाहेरच्या खोलीत शब्दकोश राहायचे आणि माणसांना जागा नव्हती. आम्ही टेबलाभोवती कोपराला कोपर लावून बसलोय, तुम्ही गवार मोडताय, आणि मान वर न करता म्हणताय, "हं, पुढे वाचा." पहिल्या दिवशी मी माझं नाव-आडनाव सांगितलं. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे एक क्षणभर होतं ना, त्याची मला लहानपणापासून सवय आहे. तुमच्या चेहऱ्यावर ते झालं नाही. तुम्ही विचारलंत, "कसब्यातून इथे यायला बस बदलावी लागते का?" त्या दिवसापासून मी कसबा पेठ झाले. तुम्ही सगळ्यांनाच राहत्या भागाच्या नावाने हाक मारायचात. माझ्या शेजारी जो बसायचा तो बिबवेवाडी. वहीच्या कडेला सारखी चित्रं काढायचा आणि तुमची बोलणी खायचा. "बिबवेवाडी, अक्षर काढताय की माश्या मारताय?" एकदा त्याने तुम्हालाच काढलं होतं. बुटक्या, निळं पातळ, पायात कुरुपं म्हणून घातलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. तुम्ही ती वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसलात. मग म्हणालात, "नाक जास्त झालंय," आणि वही परत दिलीत. त्याचं आजही म्हणणं असं, की तीच तुमची परवानगी.

मला तुमचा सगळ्यात मोठा ओरडा बसला तो अब्बांवरच्या निबंधासाठी. अब्बांचं कसब्यात पुस्तकबांधणीचं दुकान, म्हणून मी हौसेने जपानीत लिहिलं, माझे वडील पुस्तकं बांधतात. पुस्तकबांधणीच्या जपानी शब्दातलं पहिलं अक्षर 'सेइ'. तुम्ही कागद उचललात आणि म्हणालात, "कसबा पेठ, वडील पुस्तकं बांधतात ना? मग कापड कुठे गेलं? शिंप्याकडे टाकलंय?" सगळे हसले. मला काही कळेना. मग तुम्ही पोळपाटावरच्या पिठात बोटाने काढून दाखवलंत. एका 'सेइ'मध्ये बाजूला नुसती सुरी आहे. दुसऱ्यात तीच सुरी वर आणि तिच्याखाली कापड. उच्चार एकच, अक्षरं दोन. "कानावर जाऊ नका. कान फसवतो. खाली बघा, कापड आहे का." अख्खा निबंध पुन्हा लिहायला लावलात. मी घरी जाताना बसमध्ये रडले होते, आणि तुमचा भयंकर राग आला होता.

तो बिबवेवाडी आता बिबवेवाडीतच स्टुडिओ चालवतो. खाली टायरचं दुकान, वर दोन मजल्यांवर पोरं-पोरी मान मोडून चित्रं काढत असतात. जपानी मालिकांची मधली चित्रं आम्ही करतो. हात खाली असलेलं एक चित्र आणि हात वर गेलेलं एक चित्र तिकडून येतं, मधला सगळा हात आमचा. तिकडचा मोठा स्टुडिओ काम दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा आम्हाला. भागाच्या शेवटी नावांची पट्टी पळत जाते, तिच्यात आमचं नाव कधी असतं, कधी नसतं, कधी भलतंच असतं. मी तिथे दुभाषी आहे. मीटिंगा, मेल, करारमदार, सगळं माझ्या तोंडातून जातं. तुम्ही शिकवलेल्या भाषेवर माझं घर चाललंय, हे तरी तुम्हाला ऐकून बरं वाटेल.

या सगळ्या मधल्या हातांमधून वेळ काढून त्याने स्वतःची एक गोष्ट केली. भुतांची शिकवणी. ज्यांचं शेवटचं एक वाक्य बोलायचं राहून गेलंय अशी भुतं, काही इथली, काही जपानची, एका म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात येतात. बाई गवार मोडत त्यांची वाक्यं दुरुस्त करतात, व्याकरण चुकलं की पुन्हा म्हणायला लावतात, आणि वाक्य नीट जमलं की भूत सुटतं. अहो, काय गोड केलं होतं त्याने! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसता हसता पदराने डोळे पुसत होते. तुम्ही होतात तिथे. तशाच बुटक्या, तशाच तिरकस. ते तुकडाभर कार्टून टोकियोतल्या एका कंपनीने कुठल्याशा महोत्सवात पाहिलं आणि विचारणा आली, की याची मालिका करूया.

आता तिकडची रीत सांगते. तिथे अशी मालिका सहसा कोणी एकटा काढत नाही, समिती बसते. समिती म्हटल्यावर तुमचं तोंड कसं झालं ते मला दिसतंय, पाण्याच्या टाकीवरून सोसायटीच्या समितीशी तुम्ही किती वर्षं भांडलात! पण ही समिती वेगळी. पुस्तकं छापणारा, टीव्हीवाला, गाण्यांच्या कंपनीवाला, खेळणीवाला, असे चारपाच जण पैसे घालतात. बुडालं तर प्रत्येकाचं थोडं थोडं बुडतं, कोणी रस्त्यावर येत नाही. चाललं तर पुस्तकवाला पुस्तकं काढतो, खेळणीवाला बाहुल्या, आणि गोष्टीची, पात्रांची मालकी सगळ्यांची मिळून, ज्याने जेवढे घातले तेवढी. चित्रं काढणाऱ्या स्टुडिओला कामाचे ठरलेले पैसे मिळतात. तो समितीत बसला तर मालक, नाही तर गवंडी. आणि नामांकित स्टुडिओसुद्धा पुष्कळदा गवंडीच असतात, बरं का. आपण टीव्हीवर ज्यांची नावं वाचून भारावतो, त्यांच्या हातात कित्येकदा त्यांनी काढलेलं एक शेपूटही नसतं.

मीटिंग झाली. पडद्यावर टोकियोहून एक तरुण गृहस्थ, अतिशय नम्र. ते म्हणाले, पुण्याचा स्टुडिओ आमच्या 'सेइसाकु'मध्ये असावा अशी आमची इच्छा आहे. मी मराठीत सांगितलं, "निर्मितीमध्ये आपण असावं असं ते म्हणतायत." निर्मिती! पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पळत जाऊन पेढे आणले. निर्माता म्हणजे मालक असंच सगळे समजले, मीही समजले. आपल्या मराठीत पैसे घालणारा निर्माता आणि घडवणारा निर्माता, दोघं एकाच शब्दात मांडीला मांडी लावून बसलेत, त्याला मी तरी काय करू? मग कराराचा मसुदा आला. मी पहिल्याच पानावर 'सेइसाकु'तल्या 'सेइ'च्या खाली बघितलं. कापड नव्हतं. आमच्या नावापुढे नुसती सुरीवाली अक्षरं, आणि समितीच्या नावापुढे तोच शब्द, तोच उच्चार, पण कापडासकट. त्या धंद्यात हाच फरक आहे, बाई. कापडवाला तो मालक, सुरीवाला तो कापून देणारा.

मी तशीच त्याच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "अरे, हे बघितलंस का? आपण समितीत नाही आहोत."

तो म्हणाला, "कसबा, बघितलं. बाईंकडे मीही शिकलोय."

"म्हणजे? तुला मीटिंगमध्येच कळलं होतं?"

"शंका होती. बोललो असतो तर तू तिथेच भांडली असतीस."

"मग भांडले असते! काय आभाळ कोसळलं असतं का?"

तो पेन्सिलला टोक करत राहिला. मग म्हणाला, "समितीत शिरायला पैसे लागतात. माझ्याकडे हात आहेत. मूळ कल्पना म्हणून माझं नाव देतायत, कामही आपल्यालाच देतायत. आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं काम. या पोरांनी किती दिवस नुसते दुसऱ्यांचे कोपर काढायचे?"

"आणि बाई? बाई काय तुझ्या मालकीच्या होत्या का रे, द्यायला?"

"तुझ्या तरी कुठे होत्या?" तो शांतपणे म्हणाला. "सही नाही केली तर त्या माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून राहतील. माझ्या मालकीच्या. कोण बघणार? सही केली तर जगभरची पोरं त्यांना बघतील."

"कोणाला बघतील?" मी विचारलं.

त्या करारात एक कलम होतं. ते मराठीत आणताना मी अर्धा दिवस बसले होते. घडवणाऱ्याचा एक हक्क तिकडच्या कायद्याने विकताच येत नाही. माझ्या कृतीची मोडतोड करू नका, असं म्हणायचा हक्क. मग ते काय लिहून घेतात? हक्क तुमचाच आहे, पण तुम्ही तो बजावणार नाही. काय सभ्य भाषा आहे! तुम्ही असतात तर हे वाक्य फळ्यावर लिहून, त्याच्या क्रियापदाचं कौतुक करून, मग त्याची साल काढली असतीत. मी तुमच्या भाच्यालाही फोन केला, म्हटलं, निदान घरचं कोणी तरी नको म्हणेल. तो म्हणाला, "आत्या गेली, तिला काय कळणार आहे? पोस्टर निघालं तर एक पाठवा." झालं. सही झाली.

मग सूचना यायला लागल्या. म्हाताऱ्या बाईची बाहुली खपत नाही, वय कमी करता येईल का. गाण्यांच्या कंपनीचं म्हणणं, सुरुवातीचं गाणं बाईंनीच म्हणावं. टीव्हीवाल्यांना वाटतं, रागावणं जरा सौम्य हवं, मुलं बिचकतील. प्रत्येक पत्र माफी मागून सुरू होतं आणि आभार मानून संपतं. कोणा एकाला शिव्या द्याव्यात, तर समोर एक माणूसच नाही, समिती आहे. मी प्रत्येक ओळ त्याला मराठीत सांगायची आणि तो मान हलवायचा. निळ्या पातळाचा निळा स्कर्ट झाला. बूट मोठे झाले आणि चमकायला लागले. नाक, बाई, अगदी छोटं झालं. सुरकुत्या त्याने स्वतः पुसल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तो एकेक सुरकुती पुसत असताना मी त्याच्याकडे बघत होते, आणि तुम्हाला खरं सांगते, त्या वेळी मला त्याचा राग येईना. तो गेल्यावर टेबलाशी उभी राहून मी एकटीच बडबडले, की या बाई नव्हेत, या बाई नव्हेत.

आवाज देणारी मुलगी टोकियोची आहे, विशीतली, कामाला फार चोख. तिला काही शब्द मराठीत म्हणायचे होते. अहो, नीट बघा, पुन्हा म्हणा, असे. त्यांनी विचारलं, कोणी नमुना म्हणून बोलून पाठवेल का. मी पाठवलं. तुम्ही जसं म्हणायचात तसंच म्हणून पाठवलं, मधे तोडून, शेवटचं अक्षर जरा ओढून. तिने ते हुबेहूब उचललं. त्यांना मंजुरी हवी होती, म्हणून मी प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. चूक काढायला जागाच नव्हती, बाई. फार छान झालंय. मालिका लागली, पोरं बघतायत, स्टुडिओत आणखी काम आलंय, आणि आमच्या शेजारची चिमुरडी चमकणारे बूट मागतेय.

पाठवायचं पत्र असतं तर मी इथेच थांबले असते, तुम्हाला नमस्कार केला असता आणि तब्येत विचारली असती. पाठवायचं नाहीये, म्हणून एवढं लिहिते. परवा दुकानात अब्बांशेजारी बसले होते आणि उगाचच तुम्हाला आठवत होते, मला रागावताना. तुमचा चेहरा आला, ओठ हलले, सगळं नीट आलं. आवाज मात्र त्या मुलीचा आला. मी खूप प्रयत्न केला, बाई. तुमचा आवाज आता मला आठवत नाही.