नदीकाठच्या पिवळ्या फुलांचं बी

बाई, आज सकाळी आमच्या मागच्या पडक्या भिंतीच्या फटीत ते झाड फुललेलं दिसलं आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. मी राजूरच्या शाळेतून शास्त्राची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, हेही तुम्हाला ठाऊक नाही.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. पुणतांब्याला गोदावरीची मधोमध एक धार तेवढी उरली होती आणि शाळेच्या बागेत नुसत्या काटक्या. दसऱ्याच्या सुमारास तुम्ही आम्हा सातवीच्या मुलींना नदीकाठच्या गाळात नेलंत. जमिनीला चिकटून पसरलेली, लव असलेली पानं दाखवलीत. "गावात कुणी याला कुटकी म्हणतं, कुणी रानतंबाखू. उन्हाळ्याच्या तोंडाशी कमरेएवढा दांडा येतो, त्याला पिवळी फुलं. यंदा बागेत हेच लावू, याला पाणी थोडं पुरतं." मागच्या वर्षी जपून ठेवलेलं बी तुम्ही चिमूटचिमूट वाटलंत. एकेक फुटका डबा दिलात आणि रोज काय दिसतं ते वहीत लिहायला सांगितलंत.

मी शेतकऱ्याची मुलगी, मला वाटलं यात काय शिकायचं! बोटभर खोल बी पुरलं, वर शेणखत घातलं आणि आईची नजर चुकवून तांब्याभर पाणी ओतत राहिले. काहीच आलं नाही. बाकीच्या मुलींच्या डब्यांत हिरवं दिसायला लागलं तशी मला लाज वाटू लागली. मी नदीवर गेले, एक चांगलं मोठं रोप उपटून आणलं, डब्यात खोचलं आणि वहीत मागच्या तारखा घालून 'अंकुर', 'दोन पानं', 'चार पानं' असं लिहून टाकलं. तीन दिवसांत ते रोप मान टाकून बसलं.

रविवारी चर्चहून आल्यावर तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही परातीत पीठ मळताय, मी दारात उभी, डबा आणि वही हातात. तुम्ही हात धुता, रोप उपसता आणि तुटलेलं मूळ माझ्यापुढे धरता.

"याचं सोटमूळ सरळ खोल जातं. ते तुटलं की झाड जगत नाही. हे डब्यात उगवलेलं नाही."

मी रडायला लागले.

"फुलं मला नदीवर मिळतात गं. तुझ्या वहीत 'काही उगवलं नाही' एवढं खरं लिहिलं असतंस, तर मी तुला का नाही उगवलं ते शिकवलं असतं. आता पान फाडू नकोस. खाली खरं लिही."

मी तिथंच, पिठाच्या डब्यावर वही ठेवून लिहिलं. तेव्हा तुम्ही सांगितलंत, हे बी इतकं बारीक की त्याला उजेड लागतो, पुरलं की संपलं. खत नको, भरड माती बरी. वरून पाणी ओतायचं नाही, ओल्या हातानं शिंपडायचं. मग कागदाच्या पुडीत उरलेलं सगळं बी मला दिलंत.

त्याच आठवड्यात वडिलांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मीही जावं म्हणून. तुम्ही आमच्या घरी आलात. वडील ओट्यावर बसले होते. म्हणाले, "बाई, प्यायला पानी न्हाई आन् ही पोर गवत लावती व्हय?"

"भांडी विसळलेल्या पाण्यावर येतं ते. परीक्षेपर्यंत तिला राहू द्या."

वडिलांनी पुडी मागितली, तळहातावर बी घेतलं. "लई बारीक हाय. हे असं टाकलं तर एकाच जागी पडंल." ते उठले, मूठभर वाळू आणली आणि बी तिच्यात कालवलं. मग स्वतःच्या हातानं डब्यातल्या मातीवर भुरभुरवलं, तळव्यानं हलकेच दाबलं. "उगवलं तर जाईल ही परीक्षेला."

नंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. चौदा दिवस वहीत 'काही नाही' लिहिलं. नदीवर रोपं होतीच, पण मी गेले नाही. पंधराव्या दिवशी सकाळी वडिलांनीच हाक मारली. ते डब्यापुढे उकिडवे बसले होते. मोहरीहून लहान हिरवे ठिपके मातीला चिकटलेले. "आलं बग," ते म्हणाले. पुढे दाटी झाल्यावर त्यांनीच एक सोडून बाकीची खुडायला लावली. थंडीभर पानांचा चक्राकार पसारा, होळीच्या आधी दांडा, आणि मग रोज सकाळी नवी फुलं, आत जांभळट केस असलेली. मी परीक्षेला बसले, पास झाले. नगरच्या वसतिगृहात मला पोचवायला वडील स्वतः आले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून सांगायला धीर होतोय. तुम्ही एवढ्या कौतुकानं ते फूल दाखवायचात आणि मी मान हलवायचे, पण बाई, मला ते कधी फारसं सुंदर वाटलं नाही. मला झेंडू आवडतो.