विहिरीला भिणारा जवान

बाई, काल आपल्या नाचणगावच्या शाळेत पुन्हा तो कार्यक्रम झाला. एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या आपल्या गावच्या जवानाची आठवण म्हणून तुम्हीच सुरू केलेला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण डिसेंबर आला की झेंड्याच्या चबुतऱ्याला चुना लागतो, झेंडूची माळ चढते आणि पुढे सतरंजीवर त्याची माय येऊन बसते. भाषण करणाऱ्याला ती अजूनही आपल्या भाजीच्या वाडीतली मेथीची जुडी देते.

मी सातवीत असताना ते भाषण माझ्याकडे आलं. मी काय कमी शहाणी! जवानाने एकट्याने पन्नास शत्रू लोळवले, असं बिनदिक्कत ठोकून दिलं. तुम्ही वही वाचताय, मी शाबासकीची वाट बघतेय, आणि तुम्ही चष्म्यावरून पाहत म्हणता, "तू होती काय तेथं? काऊन लिहिलं मंग? जाय, त्याच्या मायले इचार." सगळ्या वर्गासमोर बोललात, याचा मला फार राग आला होता.

वाडीत माय मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने मला बसायला पोतं दिलं. मुलाच्या तुकडीतला एक जण घरी येऊन तिला सांगून गेला होता, की गोळीबारात जखमी झालेल्या एका सोबत्याला तिच्या मुलाने पाठीवर घालून आणलं आणि दुसऱ्याला आणायला पुन्हा गेला, तो आलाच नाही. हे सांगताना तिचे हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "दरसाल आयकतो पोरी, पण मले वाटते, कोण्या दुसरीच्याच पोराचं सांगून राह्यले. माहा तं लय भित्रा होता. विहिरीत बादली पडली अन् उतर म्हटलं, तं रडे. तेथंबी भेलाच असन. भेला, तरी दुसऱ्यांदा गेला. हे सांगजो बरं."

मी घरी येऊन सगळं लिहिलं, फक्त ते भिण्याचं गाळलं. जवान विहिरीला भ्यायचा म्हटलं तर पोरं हसतील, आणि हसतील ती मला, एवढीच माझी अक्कल. भाषणभर माय माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. टाळ्या झाल्या, तिने जुडी दिली आणि ती वाडीकडे निघाली. तुम्ही मात्र "खरं लिहिलं तू" म्हणून स्वतःचं शाईचं पेन माझ्या खिशाला लावलंत. त्याच पेनाने मी मॅट्रिक झाले, डी.एड. केलं, आणि आता तुमच्याच वर्गावर शिकवते. पण बाई, त्यात शाई भरताना दर वेळी मला लाज वाटायची.

यंदा भाषण पुन्हा माझ्याकडे होतं. माय आता थकली आहे. सुनेचा हात धरून आली, सतरंजीवर बसली आणि नीट ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरला. मी सांगितलं, हा जवान लहानपणी विहिरीत उतरायला रडायचा. तिथेही तो भ्यालाच असेल, आणि तरी दुसऱ्यांदा गेला. एकही पोर हसलं नाही. उलट चौथीतली एक चिमुरडी उभी राहून म्हणाली, "मीबी भेतो विहिरीले!" तिला वाटलं, आता आपलंही काही जमेल. मला फार बरं वाटलं. जुडी देताना मायने माझं मनगट धरून ठेवलं. म्हणाली, "आज माहाच पोरगा होता व पोरी."

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या टेबलाच्या खणात राहील. पण तुमच्यापासून आता काही लपवत नाही. ती भिण्याची ओळ मी कालही कागदावर लिहिली नव्हती. मायने कानामागे हात धरला, म्हणून तोंडातून निघाली.