आवाजाच्या तुकड्यांना खूण नसते

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुनंदाला हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून आज पहिल्यांदा जरा निवांत. नाकातली नळी निघाली. गळ्यातली राहणार, कायमची. पातळ खिचडी खाल्ली तिने, मग झोपली. म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, आवाज जाणार होता, म्हणून आदल्या दिवशी तिने प्रज्ञासाठी बोलून ठेवलं होतं, ते पोरीला हैदराबादला पाठवायचं होतं.

फाइल आहे. चांगली गलेलठ्ठ आहे. उघडत नाही. दुसरा प्लेअर, तिसरा प्लेअर. तेच. "फाइल ओळखता येत नाही."

त्याच कार्डावरची सिरपूर तलावाची बदकं मात्र ठणठणीत. एकूण एक उघडतात.

संध्याकाळी प्र. चा फोन. "बाबा, आईचा व्हिडिओ पाठवला का?" म्हटलं मोठा आहे, वेळ लागेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दोन पीरियड ऑफ होते, स्टाफरूममध्ये बसून नेटवर वाचून काढलं. आता काय झालं ते कळलं. कळून उपयोग शून्य.

त्या दिवशी बॅटरी फुगलेली, म्हणून कॅमेरा ॲडॅप्टरवर लावला होता. खुर्ची मांडली, फोकस केला, बटण दाबलं. सु. म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा हो. तुमच्यासमोर मला नाही बोलता यायचं." दार लोटून गॅलरीत बसलो. आतून नुसती गुणगुण, मधे एकदा हसली. बराच वेळ. मग लाइट गेली. लगेच आली. सु. पण बाहेर आली, म्हणाली, "झालं माझं." मी पण धरून चाललो की झालं. सकाळी सातला ॲडमिट व्हायचं होतं, कॅमेरा कोण बघतो.

एमपीफोरमध्ये कुठला तुकडा कुठे आणि केवढा, ही अनुक्रमणिका कॅमेरा सगळ्यात शेवटी लिहितो, आपण स्टॉप दाबल्यावर. ती लिहायच्या आत लाइट गेली. सगळा माल आत आहे, यादी नाही.

मी एरवी एव्हीसीएचडीत काढतो. त्यात प्रत्येक छोट्या पुडक्यावर आपापला पत्ता असतो. लाइट गेली तरी शेवटचा क्षण तेवढा जातो, बाकी सगळं शाबूत. पण त्या फाइली प्र. च्या फोनवर कधी उघडायच्या नाहीत. म्हणून सु. म्हणालेली, "पोरीला फोनवर दिसेल असं काही तरी लावा, तुमचं ते नेहमीचं नको." बरोबरच म्हणाली होती. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

सु. ला अजून सांगितलेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

विहारात एकटाच गेलो. कांबळ्यांच्या सुनेने वंदना सांगितली. पोरगी चांगली आहे, पण माइक लागतो. सु. ला कधी लागला नाही. बाहेर चपला घालताना एक जण म्हणाला, "जयभीम सर. ताईंचा आवाज म्हणजे काय होता!" होता. मी काही तरी वाकडं बोललो त्याला. नको होतं बोलायला.

घरी येऊन तिचे फोनवरचे जुने निरोप ऐकत बसलो. "येताना लिंबं आणा." "दूधवाला आला नाही." "कुठे आहात?" चार-पाच सेकंदांचे. गाळून गाळून चोथा केलेला आवाज, नाकातून आल्यासारखा. विहार भरून टाकायची, त्याचं हे उरलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शाळेतून सरळ मल्हारगंज. राजूभिया लग्नाचे व्हिडिओ जोडतो, त्याचा हात साफ आहे म्हणतात. दुकानात तीन लग्नं एकाच वेळी चालू. फाइल बघून म्हणाला, "टेन्शन नका घेऊ सरजी. अशा कितनी तो जोडल्या मी." मग विचारलं, "कोणाची आहे?" सांगितलं. "अरे यार," म्हणाला आणि वरातीचा आवाज बंद केला.

त्याला त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर काढलेली दुसरी चांगली क्लिप पाहिजे. ती बघून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की मोडक्या फाइलचे तुकडे कसे पडले असतील. "उसमें कोई बोलता हुआ चाहिए, सरजी."

११ फेब्रुवारी, बुधवार

तीच खुर्ची, तीच खिडकी, तोच ॲडॅप्टर. समोर बसलो. काय बोलायचं? एकोणिसाचा पाढा म्हटला, मग तेविसाचा, मग एकोणतिसाचा. तेविसाच्या मधेच सु. दारात येऊन उभी. तोंडावर हात ठेवून हसली. हसली म्हणजे खांदे हलले. आवाज नाही हे माझ्या कानाला अजून पटत नाही, दर वेळी वाट बघतो.

मग तिने भुवया उडवून विचारलं, हे काय? सांगावंच लागलं.

तिने फोनवर टाइप केलं, "सगळं गेलं?"

म्हटलं नाही, प्रयत्न चालू आहेत. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, पण उत्तर येत नसताना येतं असं दाखवणं मला जमत नाही. तिला ते ठाऊक आहे. स्वयंपाकघरात निघून गेली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चित्र आलं. आवाज नाही.

राजूभियाच्या दुकानात बघितलं. सु. खुर्चीत, पदर नीट करते, कॅमेऱ्याकडे बघते, बोलायला लागते. राजूभिया उठून चहा सांगायला गेला, मुद्दाम.

परत आल्यावर त्याने समजावलं, मी घरी येऊन पुन्हा वाचलं. चित्राच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते, म्हणून एक सापडला की पुढचा सापडतो. आवाजाच्या तुकड्यांना अशी काही खूण नसते. कुठे सुरू, कुठे संपला, हे फक्त शेवटच्या त्या यादीत. आणि यादी लिहिलीच गेली नाही. म्हणजे तिचा आवाज फाइलमध्ये आहे, अक्षरन् अक्षर आहे, फक्त कुठून कुठपर्यंत ते जगात कोणालाच माहीत नाही.

"एक बार और ट्राय करतो," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सु. ला सरळ विचारलं, काय बोललीस ते लिहून दे ना. प्र. साठी. फोन आहे, वही आहे, वेळ आहे.

बराच वेळ टाइप करत होती. वाटलं लिहितेय. दाखवलं तर एवढंच, "ते बोलायचं होतं. लिहायचं नव्हतं."

थेरपिस्टने दिलेलं ते गळ्याला लावून बोलायचं यंत्रही नाही म्हणते. एकदाच लावलं. भुंगा बोलल्यासारखं "पा-णी" आलं. तिने ते डब्यात घालून कपाटात वर ठेवलं, स्टुलावर चढून.

मला राग आला. कोणाचा ते माहीत नाही. चहात साखर जास्त पडली म्हणून त्यावर काढला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मुकी क्लिप प्र. ला पाठवली. तासाभराने व्हिडिओ कॉल, डोळे सुजलेले. "बाबा, इथे बघा, आई 'प्रज्ञा' म्हणतेय. इथे पण." बरोबर आहे तिचं. तिचं नाव मलाही दिसलं. बाकी काही नाही.

रोजचं ओठांवरून समजतं मला: चहा, औषध, दार लावा. कारण काय म्हणणार ते आधीच माहीत असतं. इथे काही माहीत नाही.

त्यातून कॉम्प्रेशनची, म्हणजे फाइल लहान करायची, रीत अशी की जे हलत नाही ते एकदाच लिहायचं आणि पुढे तेच वापरायचं. म्हणून मागची भिंत, बाबासाहेबांचा फोटो, कॅलेंडरवरची तारीख, सगळं लख्ख. जे हलतं तिथे माप कमी पडतं. तिचे ओठ हलतात आणि नेमके तिथेच चौकोन. मी खोली झगझगीत नको म्हणून पडदा ओढला होता, त्या अंधारात अजूनच.

प्र. म्हणते तिच्या ऑफिसातल्या एकीची बहीण मूकबधिर शाळेत शिकवते, तिला दाखवू. सु. ऐकत होती. एकदम हात आडवा. टाइप केलं, "माझ्या पोरीला सांगितलेलं परक्या बाईने का बघायचं?" विषय संपला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांकडे. जखम चांगली भरतेय म्हणाले. मग मानेच्या डाव्या बाजूला बोटांनी बराच वेळ दाबत राहिले. "मास्टर साहब, एक स्कॅन करा लेते हैं। तसल्ली के लिए." तसल्ली कोणाची?

रिक्षात बड़ा गणपतीपाशी जाम लागला. सु. ने बोट दाखवलं, ओठांनी म्हणाली "कचोरी". खायला परवानगी नाही. नुसतं म्हणाली. तिथल्या गल्लीतल्या कापड दुकानातून आमची खरेदी ठरलेली असायची आणि भाव तीच करायची, आवाज चढवून, दुकानदार हात जोडायचा.

१ मार्च, रविवार

राजूभिया घरी आला. एका पेनड्राइव्हवर आवाजाचा कच्चा माल घालून दिला. सॉफ्टवेअरने अंदाजाने तोडलेले तुकडे, ओळीने लावलेले. "उम्मीद मत रखना सरजी. बहुत घोळ है." पैसे घेतले नाहीत, पाणी प्यायला. सु. ला "भाभी, नमस्ते" म्हणाला आणि ती ओठांनी काय म्हणाली ते त्याला कळलं नाही म्हणून त्याने दोनदा मान हलवली. प्र. ने हैदराबादला असलंच काम करणारा एक जण शोधलाय, त्यालाही मूळ फाइल पाठवली आहे. तो बघतो म्हणाला.

ऐकलं. सूंऽऽऽ. पावसाळ्यातला रेडिओ. मधूनच चिवचिव, डोळा मिटायच्या आत संपणारी. कधी तरी एखादा तुकडा योगायोगाने बरोबर तुटला असेल तर ती चिवचिव म्हणजे सु. असणार. पण कुठली?

५ मार्च, गुरुवार

शाळेतून आलो की हेडफोन. ही सवय बरी नाही, कळतंय.

क्लिपमध्ये एका ठिकाणी ती दाराकडे बघते, काही तरी म्हणते, हसते. दाराच्या पलीकडे मी होतो. गॅलरीत ऐकलेलं हसू ते हेच. माझ्याबद्दल काही तरी म्हणाली, एवढं नक्की. चिडवलं असेल. नाव तर तिने कधीच घेतलं नाही माझं, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत अशातला भाग नाही, तिलाच नको वाटायचं. "अहो" असेल. "अहो" ओठांवर कसं दिसतं ते आरशासमोर म्हणून बघितलं. जांभईसारखं दिसतं.

विचारलं तिला. तिने स्क्रीनकडे नीट बघितलं आणि टाइप केलं, "आठवत नाही." तिला भाजीवाल्याने गेल्या वर्षी कितीला गिलकी दिली ते आठवतं.

स्कॅन झाला. रिपोर्ट सोमवारी.

८ मार्च, रविवार, रंगपंचमी

बाहेर गेरच्या मिरवणुकीचा गोंगाट, खिडक्या लावून घेतल्या. सु. आतल्या खोलीत पडली होती. दुपारी हेडफोन घालून बसलो. दाराकडे बघते त्या जागेचा आवाज साधारण कुठे येईल ते हिशेबाने काढलं होतं, एकूण लांबीच्या प्रमाणात. गणिताच्या मास्तरला दुसरं काय येतं. तेवढाच भाग पुन्हा पुन्हा. आवाज पूर्ण वाढवून. एकदा वाटलं, "हो" आहे. मग वाटलं नाही. मग पुन्हा वाटलं, आहे.

कोणी तरी हेडफोन ओढून काढला. सु. भिंत धरून उभी, चेहरा काळवंडलेला, गळ्याच्या नळीतून घर्र घर्र. कफ अडकला होता. हल्ली बोलवायचं असलं की ती वाटीवर चमचा वाजवते. किती वेळ वाजवत होती कोण जाणे, वाटी आतल्या खोलीत जमिनीवर पडलेली दिसली.

आतली नळी काढली, धुतली, परत बसवली. श्वास आला. मग दोघंही पलंगावर बसलो. तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. टेबलावरच्या हेडफोनमधून सूंऽऽ चालूच.

तिने फोन घेतला. "हात दुखला वाजवून. एवढं काय ऐकत होतात?"

म्हटलं, "तुलाच."

तिने काही तरी टाइप केलं. खोडलं. परत टाइप केलं, परत खोडलं. मग फोन पालथा ठेवला.

उद्या रिपोर्ट. सकाळी शाळेत फोन करून रजा सांगायची आहे.