बोला, पावणं!

आई, आज मी कागलच्या माझ्या क्लासमध्ये तुझा आवाज काढला, आणि तो चालला! कधी एकदा तुला सांगते असं झालंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पोरी घरी गेल्या तशी लिहायलाच बसले.

मंगळवार पेठेतल्या आपल्या गिरणीतला तो फोन आठवतो ना? मी कॉम्प्युटर क्लासला जात होते आणि कुणीतरी माझा फोटो, गिरणीचा नंबर, वर घाणेरडा मजकूर असं नेटवर टाकलं होतं. आपल्याला त्यातलं काहीच माहीत नाही. पलीकडचा म्हणतो, ‘‘फोटो बघितला, आवडली,’’ आणि तुला वाटतं, स्थळ आलं! तू गिरणी बंद करतेस, पिठाचे हात पदराला पुसतेस, दळणाला आलेल्या बायकांना गप्प करतेस. ‘‘बोला, पावणं! गाव कुठलं? कुणाचं तुम्ही?’’ तो गडबडून खरं गाव सांगून बसतो. आपल्याकडं असं विचारल्यावर न सांगायची सवय आहे कुणाला? ‘‘आन् मध्यस्थ कोण? फोटो कुणी दावला?’’ त्यानं माझ्याच क्लासमधल्या मुलाचं नाव घेतलं. मग तो पुढं जे बोलला, ते ऐकून तू रिसीव्हर आपटलास. संध्याकाळी मामा म्हणाला, ‘‘तिचा क्लास बंद कर.’’ क्लास गेला की सगळंच गेलं. तू उसळलीस, ‘‘पोरीनं काय केलंय? घरात बसायचं आसंल तर त्यानं बसावं की!’’ आणि पिठानं माखलेल्या साडीतच त्या मुलाच्या दारात जाऊन, गिरणीच्या खडखडाटात कमावलेल्या आवाजात ओरडलीस, ‘‘पावणं आल्यात, भाईर या की!’’ अख्खी गल्ली बाहेर आली. त्याच्या बापानं त्याला कान धरून नेटकॅफेत नेलं आणि नेटवरचा फोटो पुसून टाकायला लावला. दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले.

आज माझ्या एका विद्यार्थिनीच्या नशिबी तेच आलं. तिचा मोबाईल सारखा वाजत होता, ती रडत होती, ‘‘मॅडम, उद्यापास्नं न्हाय येणार मी.’’ मी मोबाईल हिसकावला. ‘‘बोला, पावणं! कुणाचं तुम्ही? मध्यस्थ कोण?’’ त्यानं घाबरून फोन ठेवला! पोरी हसत सुटल्या, ती रडणारीसुद्धा. मग तो नंबर घेऊन आम्ही सगळ्या पोलीस ठाण्यात गेलो आणि तक्रार लिहून घेईपर्यंत तिथून हललो नाही. ती उद्या येणार आहे, आई, येणार आहे!

परतताना पोरींनी विचारलं, ‘‘मॅडम, ही युक्ती कुणाची हो?’’ मी म्हणाले, ‘‘माझीच की.’’ तुझं नाव घेतलं असतं तर भर रस्त्यात रडू फुटलं असतं. हे पत्र काही कुठं जाणार नाही, पण तुझ्याजवळ तेवढं कबूल करते.